ओढ्यापलीकडची अकरा दारं

जुळे सोलापूर,
ता. ८ डिसेंबर २०२५

चि. धम्मप्रिया हीस मामाचा सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

तुझं पत्र शनिवारी, सहा तारखेला, अभिवादनाहून घरी आलो तेव्हा दाराच्या फटीत होतं. पाकिटावर पिनकोडचा शेवटचा आकडा चुकलेला आणि आत तारीख नाही. मास्तरीण झालीस म्हणून सूट मिळणार नाही. दहापैकी सहा. तिसरीत असताना कुर्डुवाडीहून तू मला पत्रं धाडायचीस आणि मी ती तांबड्या पेन्सिलीनं तपासून परत पाठवायचो, तेव्हा तारीख कधी राहायची नाही. पगार सुरू झाला की माणूस ढिला पडतो.

फोनवर का बोलत नाही, असं तू पुन्हा विचारलंयस. तुझी आई सगळ्या नात्यात सांगत फिरते, की तेहतीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली म्हणून यशवंताला ऐकू येत नाही. ऐकू येतं. लोकच नीट बोलत नाहीत. शिवाय कविता मागायची तर कागदावर मागावी, हा आपल्यातला नियम आहे आणि तो मीच घातलेला आहे.

खरं सांगतो, यंदा लिहायचं मनात नव्हतं. एकोणीस वर्षं झाली, दर सव्वीस जानेवारीला कुठल्या ना कुठल्या शाळेला कविता देतोय. पोरं ती खड्या आवाजात म्हणतात, बिस्किटाचा पुडा घेतात आणि घरी जातात. परवा एक गडी दुचाकीवर उलट्या बाजूनं आला, मला जवळजवळ आडवं केलं आणि वर ओळखीचं हसला. दोन हजार बारा साली वाहतुकीचे नियम पाळण्यावरची माझी कविता यानंच म्हटली होती. पहिला नंबर आला होता त्याचा. कारखान्यातही आता चादरीचा नमुना संगणकावर निघतो. मला आठवड्यातून दोन दिवस बोलावतात, कारण मी चौकोनी कागदावर भरलेले जुने ग्राफ कुठल्या कपाटात आहेत ते माझ्याशिवाय कुणाला सापडत नाहीत. थकलो आहे बाई.

तरी लिहिली. 'आपला गाव' असं नाव आहे. आठ ओळी, आठ पोरांना एकेक:

शाळेच्या पायरीला कुणाची ना मनाई
घंटा एकच वाजे, हजेरी एकच होई
दुपारच्या पंगतीत ताट ताटाला लागे
ग्रामसभेत म्हातारी जाब उठून मागे
झेंड्यावरती चक्र, मधोमध ते निळे
आरे मोजा चोवीस, कमी-जास्त ना मिळे
सव्वीस जानेवारी, झेंडा घेऊन करी
प्रभातफेरी येते प्रत्येकाच्या दारी

लोकशाही, राष्ट्र, एकात्मता असले शब्द मुद्दाम घातले नाहीत. पोराला दिसत नाही ते त्याच्या तोंडात कशाला कोंबायचं? इथली प्रत्येक गोष्ट त्याला जाऊन बघता येते. मीही एकेक ओळ खात्री करून लिहिली आहे. चक्राचे आरे तीन वेगवेगळ्या झेंड्यांवर मोजले. जाब विचारणारी म्हातारी मी स्वतः पाहिलेली आहे. शाळा आठवीला सुटली, पण खात्री करण्याची सवय सुटली नाही.

एक अट. शब्द बदलायचा नाही, एकही. ग्राफवर एक चौकोन चुकला तर हजार चादरींवर तोच मोर लंगडा निघतो. आणि लक्षात ठेव, माझी कविता म्हणताना स्टेजवर आजवर एकही पोर अडलेलं नाही. ओळच पुढच्या ओळीला ओढून आणते.

सर्वांस यथायोग्य सांग. लोभ आहेच. तो तारखेसकट कळवत जावा.

तुझा मामा,
यशवंत


टेंभीची वाडी, ता. करमाळा,
ता. १७ डिसेंबर २०२५, बुधवार

ती. यशवंतमामा यांस धम्मप्रियाचा सविनय जयभीम वि. वि.

वर तारीख आहे, वारसुद्धा आहे. पिनकोड दोनदा ताडून पाहिलाय. आता तरी आठ द्या.

कविता मुलांना फार आवडली. मला तिच्याहून तुमची अट आवडली, ती खात्री करण्याची. म्हणून मी एक उद्योग केला. आठ मुलांना आठ ओळी वाटल्या आणि सांगितलं, की पाठ करण्याआधी आपापली ओळ तपासून यायची. बघायचं, विचारायचं आणि कागदावर लिहून सही करायची, बरोबर आहे की चूक आहे. ज्यांनी कविता लिहिली ते मामा फार कडक आहेत, त्यांना न तपासलेलं चालत नाही, असंही सांगितलं. आमच्या शाळेत पटावर अडतीस मुलं, शिक्षक दोघं, मी आणि गुरुशांत सर. सर मुख्याध्यापक आहेत, मे महिन्यात रिटायर होतात आणि तोवर काही नवीन घडू नये एवढीच त्यांची इच्छा असते. त्यांनी कागदांकडं बघून एक सुस्कारा सोडला.

सोमवारी कागद आले. ग्रामसभेच्या ओळीला एकीची आजीच साक्षीला निघाली. ती म्हणे तीनदा उठून रस्त्यावरच्या दिव्यांचं विचारलं होतं, उत्तर एकदाही मिळालं नाही, पण जाब विचारला हे खरं. मुलीनं खाली लिहिलंय, बरोबर, कारण ओळीत उत्तराचं काही म्हटलेलं नाही. महेश्वरनं दुकानातल्या प्लास्टिकच्या झेंड्यावर आरे मोजले आणि ते एकवीस भरले. तो रडकुंडीला आला, मामांची चूक निघाली म्हणून. मग त्याला शाळेचा खादीचा झेंडा दाखवला, तिथं चोवीस निघाले. आता तो दुकानदाराशी भांडायला निघालाय.

एक कागद मात्र वेगळा आलाय. आठव्या ओळीचा. ती सोनाबाईकडं होती. चौथीत आहे, नऊ वर्षांची. आजी जिवंत असतानाच आजीचं नाव नातीला ठेवलंय, त्यामुळं सगळी शाळा तिला बाईच म्हणते आणि कधी कधी आम्ही दोघी एकदमच ओ देतो. ओढ्यापलीकडं एक वस्ती आहे, तिथं ती राहते. तिनं लिहिलंय, जसंच्या तसं उतरवते: ओळ ८. तपासली. चूक हाय. फेरी आमच्याकडं येत न्हाय.

मी इथं जुलैत आले, त्यामुळं मला सव्वीस जानेवारीचं काही माहीत नाही. काय करू ते कळवा. तब्येत सांभाळा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन या.

तुमच्या तांबड्या पेन्सिलीच्या धाकातली,
धम्मप्रिया


जुळे सोलापूर,
ता. २१ डिसेंबर २०२५

चि. धम्मप्रिया हीस अ. उ. आ.

पत्र पावलं. आठ दिले. नववा दिला असता, पण 'उद्योग' हा शब्द माझ्या कवितेसंबंधी वापरलास.

महेश्वरला माझ्यातर्फे शाबासकी दे. एकवीस आऱ्यांचा झेंडा छापणाऱ्याला मी एक महिना ग्राफ भरायला बसवला असता.

आठव्या ओळीचं मात्र मला पटलेलं नाही. ती मुलगी घाईत असेल. एखाद्या वर्षी ओढ्याला पाणी असेल, फेरी आली नसेल, तेवढंच तिच्या लक्षात राहिलं असेल. नऊ वर्षांच्या पोरीला कितीशा सव्वीस जानेवाऱ्या आठवणार? तिला म्हणावं, नीट विचारून ये.

कारण ही ओळ मी कुणाच्या सांगण्यावरून लिहिलेली नाही. मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. साल एकोणीसशे एक्याऐंशी. चौथीत होतो. आपल्या गल्लीत आईच्या दाराशी फेरी थांबलेली मला लख्ख आठवते. झेंडा पुढं, थाळी वाजतेय, आणि आई प्रत्येक पोराच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवतेय. पत्र्याच्या दारावर खडूनं काढलेलं फूल होतं, पाच पाकळ्यांचं. पाकळ्या आठवतात म्हणजे फेरी आठवत नसेल का? आपल्यासारख्यांच्या गल्लीत फेरी येत होती, तर तुमच्या वाडीत आज चव्वेचाळीस वर्षांनी येत नाही, हे कसं मानू?

चूक निघाली म्हणून रागावलो असं समजू नकोस. रागावलो आहेच, पण ते वेगळं.

मुलांस आशीर्वाद. ओळ पुन्हा तपासून घेण्याइतकी माया मामावर असू दे.

यशवंत


टेंभीची वाडी,
ता. २८ डिसेंबर २०२५, रविवार

ती. यशवंतमामा यांस सविनय जयभीम वि. वि.

तुम्ही रागावणार हे ठाऊक होतं. आईनं फोनवर आधीच सांगितलं होतं, की तुझ्या मामाच्या कवितेला बोट लावलंस म्हणजे चादरीला भोक पाडलंस.

सोनाबाईला तुमचा निरोप दिला. ती ऐकून गेली आणि दुसऱ्या दिवशी वहीचं आख्खं पान भरून आली. वस्तीवर घरं अकरा. अकराही घरी विचारून आली होती. तिच्या आजीला तिथं राहून एकतीस वर्षं झाली. ही माणसं दगड फोडायला आली होती, खाण बंद झाली तरी राहिली. मतदान करतात, घरपट्टी भरतात, तरी गाव अजून त्यांना आलेली माणसं म्हणतं. आजीनं सांगितलं, की एकतीस वर्षांत फेरी ओढ्यापर्यंत येते, चिंचेला वळसा घालते आणि माघारी जाते. ओढ्याला पाणी असो वा नसो. वस्तीतली पोरं पहाटे अंघोळ करून गावात जातात आणि गावाच्या दारोदारी फिरतात. स्वतःच्या दारी नाही. मामा, तिनं खाली सही करून आजीचा अंगठा पण घेतलाय.

मग मी गुरुशांत सरांना विचारलं. ते म्हणाले, रस्ता पूर्वीपासून ठरलेला आहे. आठला झेंडा, पाहुणे खोळंबतात, ओढ्यात चिखल असतो, एखादं पोर घसरलं तर जबाबदार कोण? माणूस वाईट नाही, गेल्या वर्षी सोनाबाईच्या बापाला दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. म्हणाले, एवढं कशाला ताणता बाई, ओळच बदला की. आणि खडू घेऊन फळ्यावर लिहूनसुद्धा दाखवली: प्रभातफेरी निघते साऱ्या गावभरी. यमकही जुळतं म्हणाले, आणि जुळतं खरं.

सोनाबाई पहिल्याच बाकावर होती. तिनं फळा वाचला आणि विचारलं, की साऱ्या गावभरी म्हटलं तर मग आमी गावात न्हाय का? सरांनी खडू खाली ठेवला.

तिनं आता सांगून टाकलंय, की ती रांगेत उभी राहील, सात ओळी बाकीच्यांच्या होऊ दे, आठवीला ती तोंड उघडणार नाही. खोटं कशाला म्हणायचं, मामांना चालत न्हाय की. सर म्हणतात, ओळ दुसऱ्या कुणाला द्या. मला तसं करवत नाही. तिची ओळ काढून घेतली तर तपासल्याची शिक्षा झाल्यासारखी होईल. म्हणून हात जोडून विचारते, दुसरी एखादी ओळ देता का? सरांची नको, तुमचीच. थकले आहे मी पण.

उत्तराच्या वाटेवर डोळे लावून बसलेली,
धम्मप्रिया


जुळे सोलापूर,
ता. २ जानेवारी २०२६

चि. धम्मप्रिया हीस अ. उ. आ.

ओळ बदलणार नाही.

रागानं लिहीत नाही, राग तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना उतरला. सहा दुसऱ्या ओळी लिहूनही पाहिल्या. सगळ्या जुळल्या. सगळ्या बदमाश निघाल्या. एकीत फेरी 'वाजतगाजत' जाते, एकीत 'हसतखेळत' जाते, एकीत नुसती 'जाते'. कुणाच्या दारी जाते ते एकीतही नाही. चोरानं पाऊल पुसत जावं तशा ओळी. फाडून टाकल्या.

चूक ओळीत आहे असं मला अजून वाटत नाही. चूक रस्त्यात आहे. नमुना बरोबर असून चादर चुकीची विणली गेली तर आम्ही नमुना खोडत नाही, माग थांबवतो. तेव्हा फेरीचा रस्ता बदला. किती अंतर आहे ओढा ते वस्ती? पावलं मोजून कळव. चिखलावर तीन फळ्या टाकल्या की झालं. गुरुशांत सरांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, माझ्या गल्लीत एक्याऐंशी साली फेरी येत होती, तेव्हा तर गटारावर फळीसुद्धा नव्हती. आक्काला, म्हणजे तुझ्या आईला, मी आजच वेगळं कार्ड टाकलंय. ती तेव्हा तेरा वर्षांची होती, तिला सगळं आठवत असणार. तिची साक्ष आली की सरांना दाखव.

तुझं थकणं मला कळतं. मुलांना नागरिक व्हायला शिकवायचं, म्हणजे आपण स्वतः काही करायचं टाळून ते त्यांच्याकडून पाठ करून घ्यायचं, असं मला हल्ली वाटायला लागलंय. पण तू सत्तावीस वर्षांची आहेस. थकायची पाळी माझी आहे, रांग मोडू नकोस.

ओळीवर आणि ओळ लिहिणाऱ्यावर भरवसा असावा.

यशवंत


कुर्डुवाडी,
ता. ७ जानेवारी २०२६

चि. यशवंता यास आक्काचा जयभीम व आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. मला लिहायची सवय न्हाय, अक्षर बघून तांबडी पेन्सिल काढू नको. हे वर्कशॉपातून आले की त्यांच्याकडनं लिहून घेणार होते, पण हे तुला मीच सांगितलेलं बरं.

साक्ष मागितलीस ना, तर देते. आपल्या गल्लीत शाळेची फेरी कधी आलेली न्हाय. पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावरनं वळायची. तुला ती आलेली आठवते म्हणतोस याचं मला नवल वाटतं आणि वाटत पण न्हाय.

त्या सालची गोष्ट सांगते. तू फेरीत पहिल्या रांगेत होतास, तुझा आवाज मोठा म्हणून. आईला सांगून ठेवलं होतंस, की आज फेरी आणतो, दारात थांब. आई सकाळपासून गूळ-शेंगदाणे ताटात घेऊन उभी. मी चिमणीच्या उजेडात दारावर खडूनं फूल काढलं, ते मीच काढलं होतं, आणि पाकळ्या तू कार्डात लिहिल्यास तशा पाच न्हाय, सहा होत्या. फेरी गिरणीपाशी वळली. तू वळला न्हाईस. मास्तरांनी हाक मारली, तू जागचा हालला न्हाईस. मग सगळी गेली आणि तू एकटाच गल्लीत आलास. आईच्या हातातलं ताट बघितलंस. घरात गेलास, जर्मनची थाळी आणि पळी घेतलीस, वहीचं पान रंगवून काठीला लावलंस आणि गल्लीतली सात पोरं गोळा केलीस. मी शेवटची. तू पुढं. प्रत्येक दारात थांबवलंस. सगळ्यात शेवटी आईच्या दारात आलास आणि तिला म्हणालास, की बघ आणली की न्हाय.

आई त्या दिवशी आत जाऊन लई रडली. तुला ते दिसू दिलं न्हाय.

तेव्हा फेरी दारात आली हे खरंच हाय. कुणाची फेरी, तेवढं तू विसरलास. बरं केलंस. विसरलास म्हणून तर एवढं शिकलास, पुस्तकं वाचलीस, कविता केल्यास. पण पोरीच्या शाळेत माझी साक्ष दाखवायची असंल तर आता खरी दाखवा.

कानाचं यंत्र घे. हट्ट किती करायचा माणसानं.

घरी येऊन जात जा, आक्का अजून हाय.

मीनाबाई


जुळे सोलापूर,
ता. ११ जानेवारी २०२६

चि. धम्मप्रिया हीस अ. उ. आ.

सोबत तुझ्या आईचं पत्र जोडलं आहे. वाच. मी त्यात कुठंही खूण केलेली नाही.

दोन दिवस मी कारखान्यात जुने ग्राफ लावत बसलो होतो. हात चालू होता, बाकी काही चालू नव्हतं. आक्का म्हणते ते खरं आहे. गिरणीचा कोपरा वाचल्याबरोबर मास्तरांची हाक ऐकू आली, आणि हल्ली मला समोरच्या माणसाचंही ऐकू येत नाही. हो, येत नाही. लिहून ठेवतो एकदा.

तेव्हा कबूल करतो, की आठव्या ओळीची खात्री मी केली नव्हती. आठांपैकी तेवढी एकच, आणि नेमकी तीच सोनाबाईच्या वाट्याला गेली. तिला सांग, तुझा कागद बरोबर होता आणि मामाची ओळ चूक होती. हेच शब्द वापर. वर काही मलमपट्टी करू नकोस. सोबत माझी तांबडी पेन्सिल पाठवतोय, अर्धी झिजलेली आहे. ती तिला दे. आता ती तिच्याकडं असलेली बरी.

तुझी इच्छा असेल तर ओळ गाळ. सातच ओळी म्हणा. माझा विक्रम, यमक, कशाचाही विचार करू नकोस.

पण एक काम करू नकोस. माझी गोष्ट सांगून तिला थाळी वाजवायला लावू नकोस. बघा, मामांनी लहानपणी स्वतः फेरी काढली, असं कौतुकानं सांगायचा मोह होईल. गुरुशांत सरांनाही ते सोयीचं वाटेल. आईच्या हातातलं ते ताट मी चव्वेचाळीस वर्षं विसरून राहिलो, ते काही उगाच नाही. ते नऊ वर्षांच्या पोरानं करायचं काम नव्हतं. मास्तर वळायला नको होते. तू मास्तरीण आहेस. एवढंच.

थकलेला, पण उत्तराची वाट बघणारा मामा,
यशवंत


टेंभीची वाडी,
ता. २७ जानेवारी २०२६, मंगळवार

ती. यशवंतमामा यांस सविनय जयभीम वि. वि.

आईचं पत्र मी गुरुशांत सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून वाचलं आणि घडी घालून परत दिलं. दोन दिवसांनी म्हणाले, की फेरीचा रस्ता माझ्यानं बदलवत नाही, सरपंचांना सांगावं लागेल, चार माणसं विचारतील. मी म्हटलं, रस्ता राहू दे, सुरुवात बदलू. मुलांनी शाळेत जमण्याऐवजी साडेसहाला वस्तीवर जमायचं. तिथून फेरी निघेल आणि चिंचेपासून पुढं नेहमीच्या रस्त्यानं जाईल. सर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी ते हो धरलं. ओढा ते वस्ती दोनशे बारा पावलं, माझी. मुलांची तीनशेच्या वर.

फार मोठं काही झालं असं समजू नका. अडतीसपैकी बावीस मुलं आली. वस्तीची नऊ धरून. काहींच्या घरून निरोप आला, की थंडी आहे, पोरगं थेट झेंड्याला येईल. थंडी होती हे खरं. चिखलात फळ्या तुमच्या सांगण्याप्रमाणं तीन टाकल्या, एक वाहून गेली. गुरुशांत सर मोटरसायकलवरून आले आणि अलीकडच्या काठावर घड्याळ बघत उभे राहिले. पलीकडं आले नाहीत. पण आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजून सात मिनिटं झाली होती आणि घंटा व्हायची होती. सर पाहुण्यांना सांगत होते, की शाळेचं घड्याळ पुढं आहे. अहवालात त्यांनी आठच लिहिलंय. तुम्हाला हे आवडणार नाही, तरी सांगते.

कविता झाली, आठही ओळी झाल्या. ओळ ठेवायची का गाळायची, ते मी सोनाबाईवरच सोडलं होतं. आणि आता मन घट्ट करा. तुमचा एकोणीस वर्षांचा विक्रम मोडला. सातवी ओळ झाली आणि सोनाबाई अडली. आख्खं गाव बघतंय आणि ती गप्प. मला वाटलं, म्हणणारच नाही. सर माझ्याकडं बघायला लागले. मग तिनं ओळ म्हटली, सावकाश, एकेक शब्द. नंतर विचारलं, का गं अडलीस, विसरलीस का? तर म्हणाली, विसरले न्हाय, दारं परत मोजत होते.

तिचं पत्र सोबत आहे. ते मी तपासलेलं नाही. तो अधिकार आता कुणाचा आहे ते तुम्ही ठरवलंच आहे.

या एकदा इकडं. गाडीनं येऊन कुर्डुवाडीला उतरा, आईकडं जेवा, पुढं मी न्यायला येते. मोठ्यानं बोलेन.

तुमचीच,
धम्मप्रिया


टेंभीची वाडी, ओढ्याच्या पलीकडं,
ता. २६ जानेवारी २०२६

यशवंतमामा यांस सोनाबाईचा नमस्कार.

पेन्सिल मिळाली. तिनंच लिहिते.

ओळ ८. परत तपासली. फेरी आली. आजीनं पण बघितली. आजीचा अंगठा खाली हाय.

बाई म्हणल्या, तुमाला सगळं मोजून लागतं. म्हणून लिहिते. आमच्यात दारं अकरा. दहा दारांम्होरं फेरी थांबली. अकरावं आमचं. आमाला दार न्हाय, पोतं लावलंय. पोरं पुढं निघाली होती. आजी आतनं म्हणली, हितं पण थांबा की. मग सगळी माघारी आली आणि थांबली.

ते दार धरायचं का न्हाय ते तुमी कळवा. मी धरलंय.

सोनाबाई,
ओळ आठवी